एकाच चेतातंतूचे दोन संदेश: रॅटच्या शुक्रवाहिनीवरचा प्रयोग, पायरीपायरीने

शुक्रवाहिनी ही प्रजननसंस्थेतली छोटी नळी. तिची पोकळी अगदी बारीक आणि तिच्याभोवती मृदू स्नायूंचा जाड थर. या स्नायूंना सिंपथेटिक, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेच्या एका शाखेतल्या, चेतातंतूंचे जाळे इतके दाट असते की चेतासंदेशाने मृदू स्नायू कसा आकुंचन पावतो हे शिकायला यापेक्षा चांगली ऊती सापडणे अवघड. आतड्यासारखी ती आपणहून सतत हलत नाही, त्यामुळे बेसलाइन, म्हणजे उद्दीपनाआधीची पातळी, शांत असते आणि दिसते ते आपण दिलेल्या उद्दीपनाचेच उत्तर असते.

एम.फार्म. आणि एम.डी. फार्माकॉलॉजीचे बहुतेक विद्यार्थी या ऊतीवर नॉरॲड्रेनॅलिनचा डोस-रिस्पॉन्स, म्हणजे मात्रेनुसार आकुंचन किती वाढते त्याचा वक्र, काढतात आणि तिथेच थांबतात. खरा विषय त्याच्या पुढे आहे. या चेतातंतूच्या टोकातून एकाच वेळी दोन द्रव्ये बाहेर पडतात, एटीपी आणि नॉरॲड्रेनॅलिन. त्यांचे रिसेप्टर (पेशीवरची ग्राही प्रथिने) वेगळे, यंत्रणा वेगळी आणि ट्रेसिंगवरचा, म्हणजे नोंदलेल्या आलेखावरचा, आकारही वेगळा. हे दोन घटक खात्रीने वेगळे कसे काढायचे, ते या लेखात पाहू.

आधी यंत्रणा, कारण प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे

एटीपी बसते पी२एक्स१ रिसेप्टरवर. हा रिसेप्टर स्वतःच आयन चॅनेल आहे. तो उघडला की सोडियम आणि कॅल्शियम आत येतात, पेशीपटल डीपोलराइज होते (त्याच्या आतबाहेरचा विद्युतदाबाचा फरक घटतो), मग एल-टाइप कॅल्शियम चॅनेल उघडतात आणि आणखी कॅल्शियम आत शिरते. मध्ये कोणताही दुसरा संदेशवाहक नसल्यामुळे आकुंचन झटकन येते आणि तितक्याच झटकन उतरते. यालाच ट्विच म्हणायचे.

नॉरॲड्रेनॅलिन बसते मुख्यतः अल्फा-१ए रिसेप्टरवर. त्याला जोडलेले जीक्यू प्रथिन फॉस्फोलायपेज-सी या विकराला जागे करते. त्यातून आयपी३ आणि डीएजी तयार होतात. आयपी३ पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवते, डीएजी प्रोटीन कायनेज-सी चालू करते. शिवाय रो-कायनेजमार्फत मायोसिन फॉस्फेटेज दाबले जाते, म्हणजे आहे त्याच कॅल्शियमवर स्नायू जास्त वेळ आवळलेला राहतो. म्हणून हे आकुंचन उशिरा चढते आणि टिकून राहते. शेवटचा टप्पा दोघांचा सारखाच: कॅल्शियम-कॅल्मोड्युलिन, मायोसिन लाइट चेन कायनेज, आकुंचन.

तिसरा भाग विसरला जातो. चेतातंतूच्या टोकावरच अल्फा-२ रिसेप्टर असतात. बाहेर पडलेले नॉरॲड्रेनॅलिन त्यांच्यावर बसून पुढचा स्राव कमी करते.

दोन्ही संदेश शरीराला खरोखर लागतात का? २००० साली पी२एक्स१ चे जनुक काढलेल्या नर माइसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची प्रजननक्षमता सुमारे ९० टक्क्यांनी घटली होती. समागम नेहमीसारखा होता, शुक्राणूही ठीक होते, फक्त ते पुढे ढकलले जात नव्हते. २०१३ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने पी२एक्स१ आणि अल्फा-१ए ही दोन्ही जनुके काढली तेव्हा नर पूर्ण वंध्य झाले. पुरुषांसाठी हॉर्मोनविरहित गर्भनिरोधकाचा विचार याच वाटेने पुढे आला आहे.

द्रावण

एक लिटर क्रेब्स-हेन्सलाइटसाठी: सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.३० ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१ ग्रॅम, ग्लुकोज २.० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.३७ ग्रॅम. कॅल्शियम सगळ्यात शेवटी. बाकीचे क्षार ९०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण किमान १५ मिनिटे सोडा, मग कॅल्शियम वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून थेंबथेंब घाला. घाई केली तर द्रावण दुधाळ होते. ते फेकून द्या. गाळून वापरले तर त्यात कॅल्शियम किती उरले ते कळत नाही. पीएच ७.४ गॅस चालू असतानाच मोजा, कारण गॅस बंद केला की तो चढतो.

या द्रावणात आणखी तीन गोष्टी घालायच्या. नॉरॲड्रेनॅलिनचे ऑक्सिडेशन थांबवायला ईडीटीए सुमारे २५ मायक्रोमोलर. बीटा रिसेप्टर बंद ठेवायला प्रोप्रॅनोलॉल १ मायक्रोमोलर, कारण बीटा उद्दीपनाने हा स्नायू सैल पडतो आणि अल्फाचा परिणाम कमी दिसतो. आणि बाहेरून नॉरॲड्रेनॅलिन देणार असाल तेव्हा डेसिप्रामिन १०० नॅनोमोलर, म्हणजे चेतातंतूची टोके ते परत शोषून घेणार नाहीत. जुन्या पद्धतींत इथे कोकेन असते. परवान्याच्या कटकटीमुळे डेसिप्रामिन सोयीचे. मात्र त्याची मात्रा वाढवू नका. मायक्रोमोलरला पोचले की ते स्वतःच अल्फा-१ अडवू लागते.

विद्युत उद्दीपनाचे ट्विच फार छोटे येत असतील तर मॅग्नेशियमविरहित द्रावण करून पाहा. मॅग्नेशियम चेतातंतूतून होणारा स्राव दाबते. ते काढले की ट्विच मोठे होतात. एकदा ठरवलेले द्रावण पूर्ण अभ्यासात तेच ठेवा.

ऊती काढणे

भारतात या कामासाठी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते आणि सीसीएसईए, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईएचे, नियम पाळावे लागतात. ज्यांना फक्त तत्त्व शिकायचे आहे त्यांच्यासाठी पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेले एक्सफार्मसारखे सॉफ्टवेअर आहे. पदवीच्या वर्गाला तेवढे पुरते. संशोधनासाठी प्राणी वापरायचाच असेल तर त्याच्यापासून मिळणारी प्रत्येक माहिती घेणे हे आपले कर्तव्य आहे. एका नरात दोन शुक्रवाहिन्या, प्रत्येकीचे दोन अर्धे, म्हणजे एका रॅटमधून चार प्रिपरेशन मिळतात. दोन टाकून दोन वापरणे हा अपव्यय आहे.

२५० ते ३०० ग्रॅमचा प्रौढ विस्टार नर घ्या. मंजूर पद्धतीने वेदनारहित मृत्यू दिल्यावर पोटाच्या खालच्या भागात मध्यरेषेवर छेद घ्या. वृषण खालून हलके दाबून वर आणा. एपिडिडिमिसच्या शेपटाकडून निघणारी पांढरी, टणक, दोरीसारखी नळी दिसते. तिचा माग मूत्राशयाच्या तळापर्यंत काढा. दोन्ही टोके कापून नळी लगेच थंड नाही, तर खोलीच्या तापमानाच्या, गॅस चालू असलेल्या द्रावणात ठेवा.

पेट्री डिशमध्ये बारीक कात्रीने भोवतालची चरबी, पडदा आणि सोबतची रक्तवाहिनी काढा. नळी चिमट्याने मधोमध कधीच पकडू नका, फक्त टोकांना धरा. जिथे चिमटा लागतो तिथले स्नायू मरतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बोटाने हळूच दाब देत आतला दाट पांढरा द्रव बाहेर काढा. तो राहिला तर बाथमध्ये, म्हणजे ऊती टांगायच्या द्रावणाच्या पात्रात, गढूळपणा येतो आणि औषध आतल्या बाजूने नीट पोचत नाही.

आता बरोबर मध्यावर कापा. मूत्राशयाकडचा तो प्रोस्टेटिक अर्धा, वृषणाकडचा तो एपिडिडिमल अर्धा. कापण्याआधीच एका टोकाला वेगळ्या रंगाचा धागा बांधून ठेवा. बाथमध्ये गेल्यावर हे दोन अर्धे डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि अदलाबदल झाली तर पूर्ण दिवसाचे निष्कर्ष उलटे होतात.

बाथमध्ये लावणे

१० मिलीचा ऑर्गन बाथ, ३७ अंश सेल्सिअस. खालचे टोक टिश्यू होल्डरला, वरचे टोक रेशमी धाग्याने आयसोमेट्रिक फोर्स ट्रान्सड्यूसरला, म्हणजे ऊतीची लांबी न बदलता तिचे बळ मोजणाऱ्या उपकरणाला. ऊती दोन प्लॅटिनम कड्यांच्या इलेक्ट्रोडमधून खाली गेली पाहिजे आणि कड्यांना कुठेही टेकता कामा नये. बुडबुडे ऊतीवर थेट आदळत असतील तर ट्रेसिंगवर दातेरी गोंधळ दिसतो. गॅसचा प्रवाह कमी करा, बंद करू नका.

बेसलाइन ताण १ ग्रॅम. पहिल्या २० मिनिटांत ऊती सैल पडते, तेव्हा ताण पुन्हा १ ग्रॅमवर आणा. एकूण ६० मिनिटे स्थिरावू द्या आणि दर १५ मिनिटांनी द्रावण बदला. बदलायचे द्रावणही ३७ अंशांचेच असावे. थंड द्रावण गेले की ऊती आपणहून आकुंचन पावते आणि नवख्याला ते औषधाचे उत्तर वाटते.

काजळी लावलेला ड्रम आणि फ्रंटल लिव्हर अजून अनेक महाविद्यालयांत आहे. नॉरॲड्रेनॅलिनचा डोस-रिस्पॉन्स त्यावर नीट येतो. पण एटीपीचे ट्विच एका सेकंदाच्या आत चढते-उतरते. लिव्हरच्या जडत्वात आणि ड्रमच्या संथ गतीत त्याचा आकार हरवतो. हा प्रयोग ट्रान्सड्यूसरवरच करावा, सॅम्पलिंग सेकंदाला किमान १०० नोंदींचे ठेवावे.

ऊती जिवंत आहे का ते आधी पाहा. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे २५० मायक्रोलिटर टाकले की बाथमध्ये पोटॅशियम सुमारे ८० मिलिमोलर होते. ठसठशीत आकुंचन आले तर पुढे जा. न आल्यास ऊती बदला. औषधे टाकून ती सुधारत नाही. चांगली असेल तर तीन-चार वेळा धुऊन अर्धा तास विसावा द्या.

विद्युत उद्दीपन

पल्सची रुंदी ०.५ मिलिसेकंद. व्होल्टेज हळूहळू वाढवत न्या. ट्विच वाढायचे थांबले की त्याच्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त ठेवा. मग दोन प्रकारचे उद्दीपन द्या: दर दोन मिनिटांनी एकच पल्स, आणि दर पाच मिनिटांनी १० हर्ट्झची ५ सेकंदांची मालिका. एका पल्सला प्रोस्टेटिक अर्धा जोरदार झटका देतो, एपिडिडिमल अर्ध्याचे उत्तर त्या मानाने लहान आणि मंद असते. मालिकेला दोन भागांचे उत्तर मिळते: आधी टोकदार शिखर, मग टिकून राहिलेला पठारासारखा भाग.

इथे एक नियंत्रण सोडून चालत नाही. एका ऊतीत टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे चेतातंतूतला संदेश थांबवणारे विष, ०.३ मायक्रोमोलर टाका. उत्तर पूर्ण गेले पाहिजे. राहिले तर तुमची वीज चेतातंतूला वगळून थेट स्नायूला झटका देते आहे, आणि मग पुढचा रिसेप्टरचा सगळा विचार फोल ठरतो. पल्सची रुंदी कमी करा, व्होल्टेज उतरवा, पुन्हा तपासा. टेट्रोडोटॉक्सिन माणसालाही घातक आहे. हातमोजे, वेगळी पिपेट आणि वेगळा कचरा ठेवा.

दोन संदेश वेगळे करणे

एटीपीचा घटक काढायला अल्फा,बीटा-मिथिलीन एटीपी १० मायक्रोमोलर. साधे एटीपी टाकू नका: ऊतीवरची विकरे त्याचे तुकडे करतात, त्यातून ॲडिनोसिन बनते आणि ते चेतातंतूच्या टोकावर बसून स्राव कमी करते, म्हणजे एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा राहतो. मिथिलीन एटीपी टिकाऊ आहे. टाकल्याबरोबर तीव्र आकुंचन येते आणि काही मिनिटांत ताण बेसलाइनवर परततो, कारण पी२एक्स१ संवेदनाशून्य होतो. मग धुऊ नका. तेवढीच मात्रा पुन्हा टाका. दुसऱ्या वेळी काहीच हालचाल झाली नाही तर रिसेप्टर खरोखर बंद आहे. थोडे जरी आकुंचन आले तर आणखी दहा मिनिटे थांबून पुन्हा तपासा. ही खातरजमा न करता काढलेले ट्रेसिंग मी मान्य करणार नाही.

नॉरॲड्रेनॅलिनचा घटक काढायला अल्फा-१ अडवणारे प्रॅझोसिन १०० नॅनोमोलर, ३० मिनिटे. प्रॅझोसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. मूळ द्रावण डीएमएसओ या द्रावकात करा आणि बाथमधले डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. तेवढेच डीएमएसओ नियंत्रण ऊतीतही टाका.

चार प्रिपरेशनची वाटणी अशी करा. एका प्रोस्टेटिक अर्ध्यात आधी मिथिलीन एटीपी, मग प्रॅझोसिन. दुसऱ्या प्रोस्टेटिक अर्ध्यात उलट क्रम. दोन एपिडिडिमल अर्ध्यांतही तसेच. क्रम उलटवायचे कारण असे की एकच अडथळा एकाच क्रमाने टाकला तर उत्तर कमी झाले ते औषधामुळे की ऊती थकल्यामुळे हे सांगता येत नाही. दोन्ही क्रमांत तोच घटक तेच औषध काढत असेल तरच निष्कर्ष टिकतो. काळाच्या नियंत्रणासाठी, म्हणजे फक्त द्रावक टाकून तेवढाच वेळ उद्दीपन देण्यासाठी, दुसऱ्या प्राण्याची ऊती लागते.

प्रोस्टेटिक अर्ध्यात एका पल्सचे ट्विच मिथिलीन एटीपीने जवळजवळ जाते, प्रॅझोसिनने फारसे हलत नाही. एपिडिडिमल अर्ध्यात प्रॅझोसिनचा घाव मोठा. मालिकेत शिखर मिथिलीन एटीपीने जाते, पठार प्रॅझोसिनने. दोन्ही औषधे मिळून जवळजवळ सपाट रेषा उरते.

निफेडिपिनचा मोह इथे टाळा. एल-टाइप कॅल्शियम चॅनेल अडवणाऱ्या १ मायक्रोमोलर निफेडिपिनने ट्विच झपाट्याने कमी होते, म्हणून ते एटीपीच्या घटकाची खूण म्हणून वापरले जाते. पण नॉरॲड्रेनॅलिनचे आकुंचनही या ऊतीत बऱ्याच अंशी एल-टाइप चॅनेलवर अवलंबून असते. निफेडिपिन कॅल्शियम कोणत्या वाटेने आले ते सांगते, कोणत्या रिसेप्टरमुळे आले ते नाही. शिवाय ते प्रकाशाने खराब होते, बाटलीला फॉइल गुंडाळावी लागते.

अल्फा-१ चे मापन: प्रॅझोसिनचा पीए२

पीए२ म्हणजे अडवणारे औषध रिसेप्टरवर किती घट्ट बसते याचा आकडा. यासाठी एपिडिडिमल अर्धा घ्या. नॉरॲड्रेनॅलिन बायटार्ट्रेट मोनोहायड्रेटचे ३.३७ मिलिग्रॅम १ मिलीमध्ये म्हणजे १० मिलिमोलर, ०.१ टक्का ॲस्कॉर्बिक आम्लात करा, बर्फावर ठेवा, रोज ताजे. गुलाबी छटा आली की टाकून द्या.

१० मिली बाथमध्ये क्युम्युलेटिव्ह, म्हणजे मध्ये न धुता एकावर एक वाढवत न्यायच्या, मात्रा अशा: ०.१ मिलिमोलर द्रावणाचे १० मायक्रोलिटर, मग २०. १ मिलिमोलरचे ७, मग २०. १० मिलिमोलरचे ७, मग २०, मग ७०. यातून बाथमध्ये अनुक्रमे ०.१, ०.३, १, ३, १०, ३० आणि १०० मायक्रोमोलर होते. प्रत्येक मात्रेचे उत्तर शिखराला पोचले की लगेच पुढची टाका. रेंगाळलात तर उत्तर उतरू लागते आणि वक्र बुटका येतो. उत्तरावर लयबद्ध चढउतार दिसतात, म्हणून सगळीकडे शिखराचीच उंची मोजायची असे आधीच ठरवा.

पहिला वक्र झाला की तासभर धुवा. मग प्रॅझोसिन ४५ ते ६० मिनिटे ठेवून दुसरा वक्र. एका ऊतीत प्रॅझोसिनची एकच मात्रा. ते इतके हळू धुतले जाते की दुसरी मात्रा पहिलीवर चढते. नळ्यांनाही ते चिकटते, म्हणून दिवसअखेर बाथ आधी इथेनॉलने, मग भरपूर पाण्याने धुवा. ३, १० आणि ३० नॅनोमोलर या मात्रा वेगवेगळ्या ऊतींत घ्या.

गणित उदाहरणाने: प्रॅझोसिनशिवाय ईसी५०, म्हणजे निम्मे कमाल उत्तर देणारी मात्रा, २ मायक्रोमोलर, १० नॅनोमोलर प्रॅझोसिनसह २२ मायक्रोमोलर. डोस रेशो, म्हणजे या दोन ईसी५० चे गुणोत्तर, ११. त्यातून १ वजा केला की १०, त्याचा लॉग १. प्रॅझोसिनच्या मोलर मात्रेचा ऋण लॉग ८. बेरीज ९, हा पीए२. तीन मात्रांवर हे करून शिल्ड प्लॉट काढा, म्हणजे प्रॅझोसिनच्या मात्रेच्या लॉगसमोर (डोस रेशो वजा १) चा लॉग मांडा. अरुणलक्षणा आणि शिल्ड यांनी १९५९ मध्ये मांडलेली हीच ती पद्धत.

याच उदाहरणात ३० नॅनोमोलरला डोस रेशो ३१ होईल, ईसी५० ६२ मायक्रोमोलरवर जाईल, आणि १०० मायक्रोमोलरला वक्र अर्धवटच राहील. म्हणून १०० मिलिमोलरचे द्रावण आधीच करून ठेवा आणि वक्र १ मिलिमोलरपर्यंत न्या. अर्धवट वक्रावरून काढलेली कमाल उंची खोटी असते.

टॅमसुलोसिनवर हेच केले तर पीए२ सुमारे १० येतो, म्हणजे मात्रा दहापट कमी घ्याव्या लागतात. प्रोस्टेटच्या त्रासासाठी हे औषध घेणाऱ्या काही पुरुषांना वीर्यस्खलनाची तक्रार का होते त्याचा एक धागा या बाथमध्ये दिसतो. अल्फा-१ए ला आणखी नेमके असलेले सिलोडोसिन घेणाऱ्यांत अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते.

अल्फा-२ चा ब्रेक

प्रोस्टेटिक अर्धा, दर १० सेकंदांनी एक पल्स. अल्फा-२ ला चालना देणारे क्लोनिडिन १ नॅनोमोलरपासून वाढवत न्या. ट्विच पायरीपायरीने बुटके होते. अल्फा-२ अडवणारे योहिम्बिन १०० नॅनोमोलर आधी दिले तर हा वक्र उजवीकडे सरकतो. क्लोनिडिन फार वाढवले तर ते अल्फा-१ वरही बसते आणि बेसलाइन चढते, तिथे थांबा.

योहिम्बिन एकटे टाकून एका पल्सचे ट्विच वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्या पल्सच्या वेळी चेतातंतूभोवती आधीचे नॉरॲड्रेनॅलिन साचलेले नसते, म्हणून ब्रेक लागलेलाच नसतो. १० हर्ट्झच्या मालिकेत मात्र तो लागतो आणि योहिम्बिनने उत्तर वाढते.

शिल्डची रेषा बिघडली तर

उतार १ च्या जवळ हवा. तो स्पष्टपणे कमी आला तर क्रमाने तपासा: डेसिप्रामिन टाकले होते का, कारण कमी मात्रेचे नॉरॲड्रेनॅलिन चेतातंतू गिळून टाकतात आणि रेषा चपटी होते, प्रॅझोसिनला समतोल साधायला पुरेसा वेळ मिळाला का, काळाच्या नियंत्रणात दुसरा वक्र आपोआपच सरकला होता का, तसे असेल तर तेवढी दुरुस्ती प्रत्येक डोस रेशोत करा. उतार १ पेक्षा बराच जास्त आला तर संशय आधी वेळेवर घ्या, सगळ्यात कमी मात्रेचे प्रॅझोसिन समतोलाला सगळ्यात उशिरा पोचते. हे सगळे नीट असूनही रेषा वाकडी राहिली, तर मगच एकाहून अधिक उपप्रकारांचे रिसेप्टर काम करत आहेत असे म्हणा, आणि अल्फा-१डी साठी निवडक असलेल्या बीएमवाय ७३७८ ने पडताळून पाहा. या ऊतीत त्याची आसक्ती, म्हणजे रिसेप्टरवर बसण्याची ओढ, कमी निघते. ती जास्त निघाली तर आधी धाग्याचा रंग आणि द्रावणाच्या बाटल्या पुन्हा तपासा.